रिकाम्या आसनाचे राखणदार : गोव्याच्या धर्मपीठाचे तीन संक्रमणकाळ



शाळेच्या व्यासपीठावर बहुधा कर्तृत्ववान व्यक्तींची चरित्रे सांगितली जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे त्यांचे कर्तृत्व निराळ्या जातीचे आहे. ही माणसे स्वतःच्या आसनावर बसलेली नव्हती. दुसऱ्याचे आसन रिकामे असताना ते सांभाळण्याचे काम त्यांच्याकडे आले होते. शाळेत मुख्याध्यापकांची जागा रिकामी झाली की एखाद्या ज्येष्ठ शिक्षकाकडे 'प्रभारी' म्हणून कारभार येतो. परीक्षा वेळेवर होतात, पगारपत्रके निघतात, मुलांच्या दाखल्यांवर सह्या होतात. पण भिंतीवरच्या मुख्याध्यापकांच्या फलकावर त्या शिक्षकाचे नाव क्वचितच रंगवले जाते. गोव्याच्या ख्रिस्ती धर्मपीठाच्या इतिहासात असे प्रभारी पाळक वारंवार आले. त्यांच्या काळातच त्या धर्मपीठाची खरी स्थित्यंतरे घडली, असे माझे आजचे प्रतिपादन आहे.

धर्मशास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याची माझी पात्रता नाही. मी इतिहासाचा एक विद्यार्थी आहे आणि त्या नात्यानेच हा विषय मांडतो. आपल्या मराठी वाचकवर्गात गोव्याचे चर्च म्हणजे लिस्बनच्या सत्तेची सावली, असा एक समज रूढ आहे. या समजाला आधार नाही असे कोणी म्हणणार नाही. १५६० ते १८१२ या काळातील इन्क्विझिशन विसरून गोव्याचा इतिहास लिहिता येत नाही. पण सावली म्हटली की तिला स्वतःचे चालणे नसते. या संस्थेला ते होते. ते कोठून आले, हे पाहायचे तर आसन भरलेले असतानाच्या काळाबरोबर ते रिकामे असतानाचा काळही तपासावा लागतो.

आसन रिकामे का राही?

गोव्याचे धर्मपीठ १५३४ साली बिशपाचे पीठ म्हणून स्थापन झाले आणि १५५८ साली आर्चबिशपाचे पीठ झाले. त्याची व्यवस्था 'पाद्रुआदु' या कराराने चाले. पोर्तुगालच्या राजाने चर्च बांधावीत, पाद्रींच्या निर्वाहाचा खर्च सोसावा. त्या बदल्यात बिशपाचे नाव राजाने सुचवावे आणि पोपने त्यास मान्यता द्यावी. म्हणजे गोव्याच्या आसनावर कोणी बसायचे तर युरोपातील दोन सत्तांचे एकमत लागे. लिस्बन आणि रोम यांचे बिनसले की त्याचा पहिला परिणाम हजारो कोस दूर मांडवीच्या काठी दिसे. आर्चबिशप निवर्तत आणि नवे येत नसत.

अशा वेळी काय करावे याविषयी चर्चच्या कायद्यात स्पष्ट तरतूद होती. 'सेदे वाकान्ते', म्हणजे आसन रिक्त असताना, मुख्य मंदिराच्या पाद्रींचे मंडळ, ज्याला गोव्यात 'काबिदु' म्हणत, कारभार हाती घेई आणि एकाची निवड करून त्याच्याकडे तो सोपवी. कधी रोमहून थेट 'आपोस्तोलिक प्रशासक' नेमला जातो. या हंगामी अधिकाऱ्याला जुना दंडक असा की आसन रिक्त असताना नवे काही करू नये. पुढे येणाऱ्याच्या अधिकाराला बाध येईल असे काही त्याने करायचे नाही, दप्तरातील कागद नाहीसा करायचा नाही की बदलायचा नाही. दीक्षा, लग्न, मृत्यू यांच्या नोंदी चालू ठेवायच्या, फाब्रिका आणि कॉन्फ्रारिया यांचे हिशेब पाहायचे, भांडणे विकोपाला जाऊ द्यायची नाहीत आणि धनी आला की किल्ल्या त्याच्या हवाली करायच्या.

आपल्या गोव्याच्या गावांत राखणदार असतो. गावाच्या वेशीवर त्याचे स्थान, रात्री तो गावाची फेरी करतो अशी श्रद्धा. गाव त्याच्या मालकीचे नसते, पण त्याच्यावाचून सुरक्षितही नसते. या प्रभारी पाळकांना मी राखणदार म्हणतो ते याच अर्थाने.

पहिला रिक्तकाळ : १६५२ ते १६७५

१६४० साली पोर्तुगालने स्पेनचे जोखड झुगारले आणि चौथे जुवांव यांना राजा केले. स्पेनच्या दडपणामुळे रोमने या राजाला मान्यता दिली नाही. त्यामुळे त्याने सुचवलेल्या बिशपांनाही मान्यता मिळेना. गोव्याचे आर्चबिशप फ्रान्सिस्कु दुश मार्तिरेस १६५२ साली निवर्तले, आणि त्यानंतर सुमारे तेवीस वर्षे गोव्यात आर्चबिशप आला नाही. १६६८ साली स्पेनने पोर्तुगालचे स्वातंत्र्य मान्य केले तेव्हा मार्ग मोकळा झाला. तरीही आंतोनियु ब्रांदांव यांच्या रूपाने आसन भरायला १६७५ साल उजाडावे लागले. एक अख्खी पिढी आर्चबिशपाचे तोंड न पाहता वाढली.

कारभार काबिदुने चालवला. हे मंडळ जुन्या वळणाचे होते आणि त्यातील मानाच्या जागा युरोपीयांकडे होत्या. त्याने दंडक पाळला, नवे काही केले नाही. पण याच सुमारास 'नवे काही' बाहेरून दार ठोठावत होते. दिवाडी बेटावर ब्राह्मण कुळात जन्मलेले मातेउश द काश्त्रु रोमला जाऊन पाद्री झाले आणि १६३७ साली त्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. त्यांची नेमणूक गोव्यासाठी नव्हती. ती आदिलशाही मुलखासाठी, थेट रोमच्या अखत्यारीत होती. ते डिचोलीला राहिले, कारण डिचोली तेव्हा पोर्तुगीज हद्दीबाहेर होती. गोव्याच्या धर्माधिकाऱ्यांनी त्यांचा अधिकार मानला नाही. नदीच्या अल्याड आसन रिकामे आणि पल्याड या भूमीचा पुत्र बिशप असूनही त्याला प्रवेश नाही, असे ते विलक्षण दृश्य होते. काश्त्रु १६७७ साली रोममध्ये वारले. गोव्याच्या आसनावर गोमंतकीय का नको, हा प्रश्न मात्र त्यांनी मागे ठेवला.

या प्रश्नाला वादाने नव्हे तर कामाने उत्तर देणारा पुरुष थोड्याच वर्षांत पुढे आला. १६५१ साली बाणावलीत जन्मलेले जोझेफ वाझ यांना १६८१ साली गोव्याहून कानडा प्रांतात पाठवण्यात आले. तेथे मातेउश यांचे पुतणे तोमाश द काश्त्रु रोमच्या वतीने अधिकार सांगत होते आणि गोव्याची मंडळी तो नाकारत होती. कोणाकडून दीक्षा घ्यावी, कोणी लावलेले लग्न ग्राह्य, या संभ्रमात सामान्य माणूस सापडला होता. प्रभारी पाळकाच्या वाट्याला येणारी परिस्थिती बहुधा अशीच असते. वाझ यांनी भांडणाला खतपाणी घातले नाही. मोडकळीस आलेली चर्च उभी केली, मुलांसाठी शाळा काढल्या, भाविकांचे बंधुसंघ बांधले, आणि १६८४ साली ते परतले. पुढे १६८७ साली ते सिलोनला गेले. डचांनी १६५८ साली जाफना घेतल्यापासून तेथील कॅथलिक पाद्रींवाचून दिवस काढत होते. वाझ यांनी उरलेले आयुष्य तेथेच वेचले आणि १७११ साली कँडीत देह ठेवला. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे त्यांना संत घोषित केले. पाळक नसलेल्या कळपाला सांभाळणे हे दुय्यम काम नव्हे, याची ती उशिरा मिळालेली पावती होय.

दुसरा रिक्तकाळ : १८३१ ते १८४४

मधल्या शतकात एक मोठे हस्तांतर झाले. पुढे पोंबालचे मार्केश म्हणून प्रसिद्धीस आलेल्या प्रधानाने १७५९ साली जेझुइटांना हद्दपार केले. साष्टीतील त्यांची चर्च गोमंतकीय पाद्रींकडे आली. त्यानंतरच्या दशकात बारदेशातील फ्रान्सिस्कनांची चर्चही त्यांच्याकडे गेली. खेडोपाडी विगार म्हणून आता याच मातीतील माणूस दिसू लागला.

येथे दोन शब्द ध्यानात घेण्याजोगे आहेत. पोर्तुगीज व्यवस्थेत विगार दोन प्रकारचे असत. एक 'कोलादु', म्हणजे पदावर कायम केलेला, सहजासहजी न हलवता येणारा. दुसरा 'एंकोमेंदादु', म्हणजे ज्याच्याकडे चर्च तात्पुरते सोपवले आहे असा, केव्हाही उचलता येणारा. कामात फरक नाही. तीच मिसा, तेच आजाऱ्याच्या उशाशी जाणे, त्याच नोंदवह्या. फरक शाश्वतीत. गोमंतकीय पाद्रीवर्गाची त्या काळातील अवस्था या एका शब्दात सामावते. काम त्याच्याकडे होते, पण आसन नव्हते. लिस्बनला जाऊन वरिष्ठ पदे मागणाऱ्या कोवतु आणि गोन्साल्विश या पाद्रींना नकार मिळाला. १७८७ साली जो पिंटोंचा कट उघडकीस आला त्याच्या मुळाशी हा असंतोष होता. त्या प्रकरणी १७८८ साली पंधरा जणांना देहदंड झाला आणि अनेक पाद्री पोर्तुगालच्या तुरुंगात वर्षानुवर्षे खितपत पडले.

१८३१ साली आर्चबिशप मानुएल द सांव गाल्दिनु निवर्तले. पोर्तुगालात यादवी माजली होती. तीत विजयी झालेल्या उदारमतवादी सरकारने १८३४ साली सर्व धर्मसंघ बरखास्त केले आणि रोमशी संबंध तुटले. गोव्यातील मठ १८३५ साली ओस पडले. सरकारने नेमलेले आंतोनियु फेलिसियानु द सांता रिता कार्व्हाल्यु १८३७ साली गोव्यात आले खरे, पण पोपची मान्यता त्यांच्यापाशी नव्हती. दोनच वर्षांत ते वारले. १८३८ साली पोप सोळावे ग्रेगरी यांनी फर्मान काढून पाद्रुआदुचा ब्रिटिश हिंदुस्थानातील अधिकार बराच छाटला. गोव्याच्या पाद्रींनी ते फर्मान मानले नाही. मुंबईपासून सिलोनपर्यंत एकाच वस्तीत रोमला मानणारे आणि गोव्याला मानणारे असे दोन पक्ष झाले. जुझे मारिया द सिल्व्हा तोर्रेस १८४४ साली मान्यतेसह आले, पण दुफळी पुढे दीर्घकाळ धुमसत राहिली. १८८६ च्या करारानेच तिला बऱ्याच अंशी आळा बसला. त्याच करारान्वये गोव्याच्या आर्चबिशपांना 'पूर्व इंडियाचे पात्रियार्क' ही पदवी मिळाली.

हा काळ प्रभारींच्या सद्गुणांचाच होता असे मी म्हणणार नाही. आपला अधिकार नेमका कोठवर, हे ठाऊक नसलेला अधिकारी कधी फार भितो, तर कधी फार ताणतो. दोन्ही प्रकार तेव्हा घडले. तथापि एक गोष्ट निर्विवाद आहे. मठ बंद झाले, युरोपीय संघ गेले, आर्चबिशप नव्हते. तरीही गावागावांतील चर्चचे दरवाजे उघडे राहिले. ते उघडे ठेवणारे स्थानिक पाद्री होते.

तिसरा संक्रमणकाळ : १९६२ ते १९७८

आता आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवणाऱ्या काळाकडे येतो. १९५० साली पोर्तुगालने भारतातील इतर धर्मपीठांवरचे आपले नामनिर्देशनाचे हक्क सोडले. त्याच साली व्हॅलेरियन ग्रेशियस हे मूळ गोमंतकीय घराण्यातील गृहस्थ मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. १९५३ साली गोव्याच्या धर्मपीठाखालील भारतीय मुलूख काढून बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत करण्यात आला. बेळगावकरांना आजही आपल्या चर्चच्या जुन्या कागदांत गोव्याची मोहर भेटते ती यामुळे. खुद्द गोव्यात मात्र जुनी व्यवस्था कायम होती. आर्चबिशप होते जुझे व्हियेरा आल्व्हेर्नाश, अझोर्स बेटांतले.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६२ साली आल्व्हेर्नाश रोमला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेसाठी गेले ते परतले नाहीत. त्यांनी राजीनामाही दिला नाही. म्हणजे आसन रिकामे नव्हते आणि त्यावर कोणी बसलेलेही नव्हते. कारभार फ्रान्सिस्कु झेव्हियर द पिएदाद रिबेलो या गोमंतकीय बिशपांकडे आला. पुढे आपोस्तोलिक प्रशासक म्हणून त्यांनी तो १९७२ पर्यंत पाहिला. त्यानंतर राउल निकोलाव गोन्साल्विस प्रशासक झाले. ते मूळचे बांबोळीचे, १९६७ पासून सहायक बिशप.

हा हंगामी कारभार इतका का लांबला? त्याचे उत्तर तारखाच देतात. लिस्बनच्या लेखी १९६१ नंतरही गोवा पोर्तुगालचाच प्रांत होता. १९६४ च्या डिसेंबरात पोप सहावे पॉल मुंबईच्या युखारिस्त परिषदेला आले. गोव्याला ते आलेच नाहीत, तरी केवळ भारतभेटीलाच पोर्तुगाल सरकारने अवमान मानले. अशा स्थितीत गोव्याच्या आसनावर नवे नाव घालणे म्हणजे रोमने भारताचे सार्वभौमत्व मान्य करण्यासारखे झाले असते. एप्रिल १९७४ मध्ये लिस्बनमध्ये क्रांती झाली. ३१ डिसेंबर १९७४ रोजी पोर्तुगालने नवी दिल्लीत करार करून भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. १९७५ साली आल्व्हेर्नाश यांचा राजीनामा स्वीकारला गेला. जानेवारी १९७८ मध्ये राउल गोन्साल्विस गोव्याचे पहिले गोमंतकीय आर्चबिशप झाले. मुंबईला भारतीय आर्चबिशप मिळाला त्याला तेव्हा सत्तावीस वर्षे होऊन गेली होती.

रामायणातील भरताची आठवण येथे कोणालाही होईल. धनी हयात आहे, दूर आहे, आणि कारभार त्याच्या नावाने चालवायचा आहे. भरताला चौदा वर्षे राज्य सांभाळावे लागले. येथे सोळा वर्षे गेली, आणि धनी परत आलाच नाही.

या सोळा वर्षांत 'नवे काही करू नये' हा दंडक पाळणे शक्य होते काय? व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनाविधीत लोकभाषेला वाट करून दिली. शतकानुशतके लॅटिनमध्ये ऐकलेली मिसा कोकणीत येऊ लागली. पाद्री भाविकांकडे तोंड करून विधी करू लागला. राज्याश्रय संपला होता. ज्या तिजोरीवर चर्चचा भार होता ती राहिली नव्हती. पोर्तुगीजमध्ये शिकलेल्या पाद्रींना इंग्रजीतून पत्रव्यवहार करणे भाग पडले आणि चर्चच्या शाळांचे माध्यम पालटले. १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि संघप्रदेश राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली. त्या दिवसांत गावे दुभंगली, घरेही दुभंगली. या सभागृहात दोन्ही बाजूंना मत दिलेल्या कुटुंबांतले लोक असतील. कोणाची बाजू बरोबर होती, हा आजचा विषय नाही. एवढेच लक्षात घ्यावे की त्या वादळात ख्रिस्ती समाजाचा मुख्य पाळक हंगामी होता, आणि त्याचे वरिष्ठ दूर युरोपात होते.

१९६४–६५ आणि १९७४–७५ या दोन्ही वेळची सेंट फ्रान्सिस झेवियरची शवप्रदर्शने याच हंगामी काळात पार पडली. जुन्या गोव्यात लाखोंचा समुदाय आला, त्यांत हिंदूही मोठ्या संख्येने होते. दुसरे प्रदर्शन चालू असतानाच नवी दिल्लीत भारत-पोर्तुगाल करारावर सह्या झाल्या.

या प्रभारींनी जे केले त्याचे मोल मी असे मांडतो. लिस्बनकडे पाठ फिरवल्याची घोषणा त्यांनी केली नाही, आणि लिस्बनची वाटही पाहत बसले नाहीत. रोजचे काम करता करता त्यांनी एक जुने धर्मपीठ एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेले. आसनावर हक्क सांगणारा कोणी हे करू गेला असता तर त्याच्या प्रत्येक कृतीचा राजकीय अर्थ लावला गेला असता. ज्याच्यापाशी आसनच नव्हते त्याला ते साधले. हंगामी अधिकाराची उणीवही मात्र याच काळात दिसते. जुन्या जखमांविषयी, इन्क्विझिशनविषयी, शेजाऱ्यांशी मोकळेपणाने बोलण्याची ती वेळ होती. पण असे बोलणे आसनावर बसलेल्यानेच करायचे असते. प्रभारी ते करू शकत नाही, आणि माझ्या मते ती संधी तेव्हा हुकली.

समारोप

तीन वेळा युरोपातील भांडणामुळे गोव्याचे आसन सुने पडले. पहिल्या वेळी गोमंतकीय पाद्री दाराबाहेर होता, दुसऱ्या वेळी तो गावच्या चर्चमध्ये होता पण 'एंकोमेंदादु' होता, तिसऱ्या वेळी तो पीठाचाच प्रशासक होता, आणि त्यातून पुढे आर्चबिशप झाला. फेब्रुवारी १९८६ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल गोव्यात आले तेव्हा त्यांच्या स्वागताला गोमंतकीय आर्चबिशप उभे होते. आल्व्हेर्नाश त्याच वर्षी दूर अझोर्समध्ये निवर्तले. राउल गोन्साल्विस २०२२ साली गेले. त्यांचे उत्तराधिकारी फिलिप नेरी फेर्रांव त्याच साली कार्डिनल झाले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी प्रभारी पाळकाचे काम हे स्वतंत्र कौशल्य मानून त्याचे शिक्षण देण्यास आरंभ केला. जुना पाळक गेला आणि नवा यायचा आहे, त्या मधल्या काळात समाज आपल्या भूतकाळाशी समझोता करतो आणि आपण कोण हे नव्याने ठरवतो, असा त्यामागचा विचार आहे. गोव्याने हे कोणत्याही शिक्षणाविना, परिस्थितीच्या रेट्याने केले.

सत्ताधीशांच्या याद्यांवरून आपण इतिहास लिहितो, तेव्हा दोन नावांमधली वर्षे कोरी सोडतो. १६५२ च्या पुढे तेवीस वर्षांची कोरी जागा दिसते. त्या जागेत मुले जन्मली, त्यांची नावे नोंदली गेली, लग्ने लागली, माणसे पुरली गेली आणि प्रत्येक नोंदीखाली कोणीतरी सही केली. त्या सह्या तपासण्याचे काम अजून पुष्कळ उरले आहे. या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी ते हाती घेतले तर आजच्या व्याख्यानाचे सार्थक झाले असे मी समजेन.